टू-स्ट्रोक डर्ट बाईक हिवाळाभर ठेवून देताय? आधी क्रँककेसचं बघा

चिखलवाट (धागाकर्ता)

हंगाम संपला की गाडी धुवायची, कोपऱ्यात लावायची, वर ताडपत्री टाकायची आणि तीन-चार महिने तिकडे फिरकायचं नाही, असं बरेच जण करतात. फोर-स्ट्रोकमध्ये हे काही प्रमाणात खपून जातं. टू-स्ट्रोकमध्ये खपत नाही. ते का खपत नाही हे नीट कळलं की कोणतं काम आधी करायचं आणि कोणतं राहिलं तरी चालेल हे आपलं आपल्याला ठरवता येतं. म्हणून हा धागा.

फोर-स्ट्रोकच्या तळाशी इंजिन ऑइल साठलेलं असतं आणि चालताना ते सगळीकडे फिरतं. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनच्या खालच्या कप्प्यात) असा साठा नसतो. क्रँकची दोन्ही मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन, सिलिंडरची भिंत या सगळ्यांना वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. गिअर ऑइल वेगळ्या कप्प्यात असतं, त्याचा क्रँकशी संबंध नाही. गाडी बंद केली की आतलं पेट्रोल उडून जातं, ऑइलचा पातळ थर मागे राहतो आणि तोही हळूहळू ओघळत खाली जातो. थंडीच्या रात्री इंजिन गार पडतं. दिवसा हवा थोडी गरम आणि दमट झाली की त्या गार लोखंडावर ओल धरते. बाहेर धरलेली ओल दिसते, पुसता येते. बेअरिंगच्या गोळ्यांवर धरलेली दिसत नाही. तिथे गंजाचा बारीकसा ठिपका पडला तरी पुढच्या हंगामात त्याचा खड्डा होतो, बेअरिंग घरघरायला लागतं, आणि ते बदलायचं म्हणजे अख्खं इंजिन उतरवून केस दुभंगावी लागते.

त्यामुळे माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम म्हणजे क्रँककेसमध्ये ऑइल पोहोचवणं. मी ते असं करतो.

गाडी आधी गरम करून घेतो. मग एअर फिल्टर काढून, इंजिन चालू असताना, कार्बोरेटरच्या तोंडातून फॉगिंग ऑइलचा (गंज रोखायला आत फवारायच्या ऑइलचा) स्प्रे थोडा थोडा मारतो. सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर यायला लागतो, इंजिन अडखळतं. तेव्हा अजून थोडा मारून त्याला गुदमरून बंद पडू देतो. हे मोकळ्या जागेतच करायचं. त्यानंतर पेट्रोल कॉक बंद, टाकी रिकामी, फ्लोट बाऊल (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा. इंजिन गार झालं की प्लग काढून चहाच्या चमच्याएवढं टू-स्ट्रोक ऑइल आत. इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: ऑइल ओतताना पिस्टन खाली असू द्या. पिस्टन खाली असला की ट्रान्सफर पोर्ट (क्रँककेसमधून सिलिंडरमध्ये जाणाऱ्या वाटा) उघडे असतात आणि ऑइलला खाली क्रँकपर्यंत जायला वाट मिळते. पिस्टन वर असताना ओतलं तर ते पिस्टनच्या डोक्यावर बसून राहतं. मग किक हाताने हळूहळू चार-सहा वेळा दाबायची, म्हणजे ऑइल सगळीकडे पसरतं.

शेवटी प्लग परत लावून किक हळू दाबत जायची, कॉम्प्रेशनचा जोर लागला की थांबायचं. या जागी पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट झाकलेलं असतं, ट्रान्सफर पोर्टही बंद असतात, मागे रीड वाल्व्हच्या (कार्बोरेटरकडून येणाऱ्या वाटेवरच्या एकदिशी झडपेच्या) पाकळ्या मिटलेल्या असतात. बाहेरच्या दमट हवेला आत यायची वाट जवळजवळ बंद होते. पिस्टन खाली सोडला तर सायलेन्सरपासून थेट क्रँकपर्यंत बोगदा उघडा राहतो.

प्लग बाहेर असताना किक मारणार असाल तर प्लग कॅपमध्ये घालून हेडला टेकवून ठेवा, भोकापासून लांब. स्पार्कला अर्थिंग मिळालं नाही तर सीडीआय (ठिणगी पाडणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) खराब होऊ शकतो, आणि भोकाजवळ ठिणगी पडली तर आतली वाफ पेटू शकते. बऱ्याच डर्ट बाईकचं किल बटण दाबून धरलं तेवढ्यापुरतंच काम करतं, त्याच्यावर विसंबू नका.


जुनीकिक (प्रतिसाद)

सविस्तर लिहिलंत, आभार. एक शंका. मी इतकं काही करत नाही. दर पंधरा दिवसांनी गाडी काढतो, दोन-तीन किक मारून चालू करतो, पाच मिनिटं चालवून बंद करतो. इंजिन मोकळं राहतं, कार्ब सुकत नाही, बॅटरीवाल्या गाडीची बॅटरीही चार्ज होते. यात चूक काय?


चिखलवाट

पटण्यासारखं वाटतं, पण टू-स्ट्रोकला यानेच त्रास होतो. पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं, आणि थोडंथोडकं नाही: एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी, वाफेच्या रूपात. इंजिन आणि एक्झॉस्ट पूर्ण तापले असतील तर ही वाफ बाहेर निघून जाते. पाच मिनिटांत, त्यात थंडीत, चेंबर (एक्झॉस्टचा फुगीर पाईप) आणि सायलेन्सर कुठे तापतात? वाफ आत पाणी होऊन बसते. शिवाय चोक ओढून चालवल्यामुळे जास्तीचं पेट्रोल आत जातं आणि असलेला ऑइलचा थर धुऊन नेतं. पॉवर वाल्व्हवर (एक्झॉस्ट पोर्ट लहान-मोठं करणाऱ्या झडपेवर) आणि सायलेन्सरच्या जाळीत काळा चिकट थर साचतो तो वेगळा.

पंधरा दिवसांनी अर्धा तास खरोखर फिरवणार असाल, गिअर टाकून, नीट तापवून, तर जरूर फिरवा. मग ती ठेवून दिलेली गाडीच नाही. जागेवर उभी करून पाच मिनिटं चालवायची असेल तर न चालवलेली बरी. बॅटरीसाठी चार्जर लावा, इंजिन नको.


पायलटजेट (प्रतिसाद)

क्रँककेसबद्दल शंभर टक्के सहमत, पण कार्बचा मुद्दा एका ओळीत उरकलात. वसंतात चालू न होणाऱ्या गाड्या माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक पायलट जेट (आयडलला पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी) बंद झाल्यामुळे आलेल्या असतात, म्हणून त्यावर लिहितो.

पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. बाऊलमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे उरतो तो पिवळट-तपकिरी चिकट राळेसारखा थर, आणि प्रीमिक्स (आधीच ऑइल मिसळलेलं पेट्रोल) असेल तर त्यात ऑइलही. मेन जेटला त्याचं फारसं वाटत नाही, पायलटचं भोक मात्र मिटून जातं. मग लक्षणं ठरलेली: चोकवर चालू होते, चोक काढला की बंद. मोठ्या थ्रॉटलला ओढते, आयडल धरत नाही. जेट काढून उजेडासमोर धरा. स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे. भोक दिसतं पण वाकडं किंवा अर्धवट दिसतं, तर तेही बंद असल्यात जमा. तारेने कोरू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेटचा नंबरच बदलला. कार्ब क्लीनरमध्ये भिजवून हवेच्या दाबाने फुंका.

केहिनच्या पीडब्ल्यूकेसारख्या कार्बमध्ये बाऊलच्या तळाला मोठा नट असतो. कॉक बंद करून तो काढला की बाऊल कार्ब न उतरवता रिकामा होतो. निघालेलं पेट्रोल पारदर्शक भांड्यात घेऊन बघा. तळाशी पाण्याचे थेंब दिसले तर टाकीतही पाणी आहे असं समजा आणि टाकीचं नीट बघा.


नवारायडर (प्रतिसाद)

मी असं ऐकलं होतं की कॉक बंद करून इंजिन चालू ठेवायचं, पेट्रोल संपलं की आपोआप बंद पडतं आणि कार्ब रिकामा होतो. सोपं आहे ना ते?


पायलटजेट

सोपं आहे, पण दोन गोष्टी आहेत. एक, बाऊल पूर्ण रिकामा होत नाही. पातळी जेटच्या खाली गेली की इंजिन बंद पडतं, तळाचं पेट्रोल तिथेच राहतं आणि तेच सुकून चिकटतं. दुसरं म्हणजे शेवटच्या क्षणी मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) होत जातं, इंजिनचे फेरे वाढतात, आणि नेमकं तेव्हाच ऑइलही कमी मिळतं, कारण ऑइल पेट्रोलमधूनच येतं. आयडलला त्याने लगेच काही जाम होणार नाही, पण पुढचे महिने ज्या ऑइलच्या थरावर काढायचे तो कमी कशाला करायचा? तळाचा नट काढायला दोन मिनिटं लागतात. तोच काढा.


रानवाट (प्रतिसाद)

टाकीबद्दल विचारायचं होतं. सगळीकडे वाचतो की टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे आत गंज चढत नाही. तुम्ही तर रिकामी करा म्हणताय.


चिखलवाट

भरून ठेवायचा सल्ला पत्र्याच्या टाकीसाठी आहे. तिथे रिकाम्या जागेत ओल धरून गंजतं. आताच्या बहुतेक डर्ट बाईकना प्लास्टिकची टाकी असते, तिला गंजायचं काही नसतं. त्यामुळे प्लास्टिकची टाकी रिकामी करून, झाकण जरा सैल ठेवून वाळू दिली की काम झालं. जुनी पत्र्याची टाकी असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं रसायन) घातलेलं ताजं पेट्रोल काठापर्यंत भरा, किंवा पूर्ण रिकामी करून, वाळवून, आतून ऑइल फिरवून ठेवा. अर्धी भरलेली ठेवणं सगळ्यात वाईट.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल असेल तर अजून एक धोका आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. एका मर्यादेपलीकडे पाणी झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टू-स्ट्रोक ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. कॉक ओढतो तळाचं. म्हणजे तशा टाकीवर गाडी चालू केली तर सुरुवातीला आत जातं ते बिनऑइलचं द्रव. टू-स्ट्रोकसाठी याच्याइतकी वाईट सुरुवात नाही. म्हणून मागच्या हंगामातलं प्रीमिक्स, ते टाकीतलं असो की डब्यातलं, पुढच्या हंगामात मी इंजिनात घालत नाही. डबा हलवून उपयोग नाही. वेगळं झालेलं पुन्हा नीट मिसळत नाही, आणि तोपर्यंत पेट्रोलचा हलका भागही उडून गेलेला असतो. जुनं इंधन गटारात किंवा मातीत ओतू नका, घातक कचरा घेतात तिथे द्या.


हातपाना (प्रतिसाद)

इंजिनचं छान चाललंय. मी गाडीच्या बाकीच्या भागाबद्दल थोडं लिहितो.

धुताना प्रेशर वॉशरचा मारा हब, स्विंगआर्मचा पिव्होट, हेडसेट आणि शॉकअपच्या खालच्या लिंकेजवर सरळ करू नका. पाणी सीलच्या पलीकडे जातं आणि हिवाळाभर तिथेच बसतं. एअरबॉक्सचं तोंड आणि सायलेन्सरचं टोक बंद करूनच धुवा. धुतल्यावर गाडी थोडी फिरवून आणा, ब्रेक दाबत, म्हणजे पाणी झटकलं जातं आणि इंजिनच्या उष्णतेने फटींमधलं वाळतं.

लिंकेजची बेअरिंग ही अशी जागा आहे की गाडी नवी असली तरी एकदा खोलून ग्रीस भरावं. कारखान्यातून अगदी मोजकं ग्रीस लावलेलं येतं. सुया असतात आत, बोटाने एकेक सरकवून बघा. तपकिरी डाग आणि कोरडी भुकटी दिसली तर बदला. हिवाळ्यात वेळ असतो, तेव्हाच हे काम होतं.

गाडी स्टँडवर घ्या, दोन्ही चाकं जमिनीवरून उचललेली. फोर्क आणि शॉकअप मोकळे राहतात, टायर एका जागी दबत नाही. पट्ट्याने फोर्क दाबून बांधून ठेवू नका, सील आणि स्प्रिंग महिनोन्महिने ताणात राहतात. फोर्कच्या वरच्या हवेच्या स्क्रूतून हवा सोडायची असेल तर चाक हवेत असतानाच. नळ्या पुसून त्यांवर हलकं सिलिकॉन लावा.

चेन रॉकेलने धुवा, पुसा, वाळली की ल्यूब. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, रिंगा जातात. ल्यूब किंवा कुठलाही स्प्रे मारताना डिस्कवर फडकं टाका.


नवारायडर

कूलंटही बदलायचं का? रंग हिरवाच आहे अजून.


हातपाना

रंगावरून कळत नाही. गोठण्याचा बिंदू तपासायचं साधं हायड्रोमीटर मिळतं, त्याने बघा. इथिलीन ग्लायकॉलचं कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असेल तर ते उणे ३५ अंश सेल्सियसच्या आसपास टिकतं. हंगामात कुणी नुसतं पाणी भरलं असेल तर आधी ते काढा. पाणी गोठताना फुगतं, आणि सिलिंडरच्या वॉटर जॅकेटला किंवा रेडिएटरला तडा गेला की दुरुस्ती नाही, भागच बदलावा लागतो. काढलेलं कूलंट उघडं ठेवू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि त्यांच्यासाठी ते जीवघेणं विष आहे.

गिअर ऑइलही ठेवताना बदला, काढताना नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये पाणी आणि क्लचच्या प्लेटांची झीज असते, ते महिनोन्महिने गिअरच्या बेअरिंगवर का ठेवायचं? दूध घातल्यासारखं पांढरट निघालं तर वॉटर पंपचं सील बघा.


रानवाट

एअर फिल्टर ऑइल लावून ठेवायचा की कोरडा?


चिखलवाट

मी धुऊन, पूर्ण वाळवून, कोरडाच पिशवीत ठेवतो आणि ऑइल पुन्हा चालवायच्या आदल्या दिवशी लावतो. ऑइल लावून महिनोन्महिने ठेवलेला फोम वरून सुकतो, ऑइल खाली जमा होतं, आणि काही फोमचे जोड चिकटून सुटतात. कोरडा ठेवला तर एअरबूटचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद करायचं. उंदरांना एअरबॉक्स फार आवडतो. सायलेन्सरच्या टोकालाही बूच लावा. फडकं लाल किंवा असंच भडक घ्या आणि हँडलला चिठ्ठी बांधा: एअरबूटमध्ये फडकं, सायलेन्सरला बूच, पेट्रोल नाही. तीन महिन्यांनी हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, आणि फडकं आत ओढलं गेलं तर रीड वाल्व्हपासून पुढे सगळं उघडावं लागतं.

झाकायला सुती किंवा हवा खेळेल असं कापड. प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली रात्रीची ओल अडकते. खतं, ब्लीचिंग पावडर किंवा ॲसिड ठेवलेल्या खोलीत गाडी ठेवू नका, त्यांच्या वाफेने ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. एक्झॉस्टची नुसत्या पत्र्याची, रंग नसलेली चेंबर असेल तर तिला ऑइलचं फडकं फिरवा, नाहीतर आधी तीच लाल होते.


इंजेक्शनवाला (प्रतिसाद)

माझी केटीएमची टीपीआय (ट्रान्सफर पोर्ट इंजेक्शन) आहे. कार्ब नाही, प्रीमिक्सही नाही. मला यातलं काय लागू होतं?


चिखलवाट

बरंचसं. २०१८च्या मॉडेलपासून आलेल्या टीपीआयमध्ये पेट्रोल ट्रान्सफर पोर्टमध्ये फवारलं जातं आणि ऑइल वेगळ्या टाकीतून पंपाने थ्रॉटल बॉडीत येतं. म्हणजे क्रँकला अजूनही ऑइल हवेबरोबरच मिळतं, आणि इंजिन बंद असताना ओलीचा धोका तोच राहतो. प्लगच्या भोकातून ऑइल घालणं, पिस्टन वर आणून ठेवणं हे जसंच्या तसं करा. थ्रॉटल बॉडीतून फॉगिंग स्प्रे मी मारणार नाही, तिथे सेन्सर असतात. टाकी रिकामी करू नका, पंप आत असतो. ताजं पेट्रोल आणि स्टॅबिलायझर भरून, इंजेक्टरपर्यंत पोहोचेल इतका वेळ चालवून मग बंद करा.

बॅटरी लिथियमची असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर वापरा. लेड-ॲसिडच्या चार्जरमधला जुन्या बॅटरीला झटके देणारा मोड लिथियमला घातक आहे. लेड-ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करून ठेवा, उतरलेली बॅटरी कडक थंडीत गोठून फुटते.


जुनीकिक

पटलं. या वेळी चालू न करता ठेवतो. काढताना काय बघायचं तेही लिहा कुणीतरी.


पायलटजेट

चिठ्ठी वाचा, फडकं आणि बूच काढा. जुना प्लग काढा, प्लग बाहेर ठेवून (हेडला टेकवून) किक हाताने काही वेळा दाबा, साठलेलं ऑइल भोकातून बाहेर पडेल, तोंड लांब ठेवा. आत जास्त ऑइल असताना एकदम जोरात किक मारली तर द्रव दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मग नवा प्लग, ताजं प्रीमिक्स, ऑइल लावलेला फिल्टर. क्लचच्या प्लेटा चिकटलेल्या असतात, म्हणून चालू करायच्या आधी गिअर टाकून, क्लच दाबून गाडी पुढे-मागे ढकला, सुटल्याचं हाताला कळतं. सुरुवातीचा धूर फॉगिंगचा असतो, काही मिनिटांत जायला हवा.

धूर गेला नाही तर क्रँकची सीलं बघा. ठेवून दिलेल्या गाडीत त्यांचे ओठ सुकतात. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं: पांढरट धूर थांबत नाही, जळक्या गिअर ऑइलचा वास येतो, गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. फ्लायव्हीलच्या बाजूचं गेलं तर हवा ओढतं: धूर नसतो, पण आयडल आपोआप चढतं आणि थ्रॉटल सोडला तरी लवकर उतरत नाही. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो. आयडल असं चढत असेल तर जेट बदलून ते झाकू नका. गाडी बंद करा आणि लीक-डाउन टेस्ट (हवा गळते का ते बघायची चाचणी) करून घ्या. इनटेक आणि एक्झॉस्ट बुचांनी बंद करून आत साधारण ६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा भरायची. तो दाब काही मिनिटं टिकायला हवा. उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते बघा. फ्लायव्हीलमागचं सील बघायला फ्लायव्हील काढावं लागतं, त्यासाठी तुमच्या मॉडेलचा पुलरच वापरा. हातोडीने ठोकाल तर क्रँकचा समतोल जाईल.


हातपाना

एक भर: ब्रेक ऑइल बदलत असाल तर क्लचच्या मास्टर सिलिंडरच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा. काही हायड्रॉलिक क्लचला डॉट ४ (ब्रेकचं ऑइल) लागतं, काहींना मिनरल ऑइल. एकाच्या जागी दुसरं गेलं की सीलं फुगतात आणि क्लच सुटत नाही. दोन्ही बाटल्या फळीवर एकमेकींशेजारी ठेवू नका.